'ग्रीन स्नेक' (१९९३): वाचकांकडून वारंवार येणारे प्रश्न

त्सुई हार्कच्या या चित्रपटाबद्दल प्रश्न येतच असतात आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी आणली आहेत. पहिले सहा प्रश्न चित्रपट न पाहिलेल्यांनीही बिनधास्त वाचावेत. सातव्यापासून पुढे शेवट उघड होतो, तेव्हा आधी पाहून घ्या.

१. गोष्ट काय आहे? चारपाच वाक्यांत सांगा.

हजार वर्षं तप केलेली पांढरी नागीण आणि पाचशे वर्षांची तिची धाकटी बहीण, हिरवी, बायकांचं रूप घेऊन हांगझोऊ शहरात येतात. थोरलीचं नाव बाय सू-झेन. तिला माणूस व्हायचंय, आणि त्यासाठी श्यू शियान या तरुण पंतोजीशी संसार थाटायचाय. धाकटी शाओ-छिंग नुसतं कुतूहल म्हणून आलेली आहे. माणसं एकमेकांसाठी एवढी का तळमळतात ते तिला जवळून बघायचंय. या दोघींच्या वाटेत फाहाई नावाचा तरुण बौद्ध भिक्षू उभा राहतो. माणसाने माणसाच्या जागी आणि पिशाच्चाने पिशाच्चाच्या जागी राहावं, यावर त्याची अढळ श्रद्धा आहे. पुढे चौघांनाही आपापल्या इच्छेला सामोरं जावं लागतं.

२. कुणी केलाय? कलाकार कोण?

दिग्दर्शक त्सुई हार्क, निर्मिती हाँगकाँगची, साल १९९३. कथा लिलियन ली यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून घेतली आहे आणि पटकथेतही त्यांचा हात आहे. हिरवी झालीय मॅगी च्युंग, पांढरी जोई वाँग. फाहाईच्या भूमिकेत झाओ वेनझुओ आहे. वुशू या चिनी युद्धकलेत मुरलेला हा गडी तेव्हा जेमतेम एकविशीत होता. श्यू शियान साकारणारा वू शिंग-कुओ पेकिंग ऑपेराचा नट, तैवानमध्ये १९८६ साली स्वतःची नाटकमंडळी उभी करणारा. संगीत जेम्स वाँग आणि मार्क लुई यांचं. हे संगीत ऐकूनच अनेकजण चित्रपटाकडे वळलेत.

३. कोणत्या भाषेत पाहायचा? कँटोनीज की मँडरिन?

मुख्य आवृत्ती कँटोनीज आहे, तीच शोधा. पण यात फार अडकून पडू नका. त्या काळी हाँगकाँगमध्ये आवाज नंतर भरण्याची पद्धत सर्रास होती, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं दोन्हींत वाटू शकतं. त्यापेक्षा प्रत कशी आहे ते बघा. जुन्या, धुरकट प्रतींमध्ये चित्रपटाचे रंग पार मरतात, आणि या चित्रपटातून रंग काढले तर अर्धा चित्रपट गेला.

४. मूळ लोककथा माहीत नाही. काही अडेल का?

थोडं अडेल, कारण चिनी प्रेक्षकाला ही गोष्ट आपल्याकडच्या सत्यवान-सावित्रीइतकी पाठ असते आणि दिग्दर्शकाने ते गृहीत धरलंय. ढोबळ कथा अशी: हांगझोऊच्या पश्चिम सरोवरावर, तुटक्या पुलापाशी, पावसात एका तरुणाची आणि एका सुंदर बाईची छत्रीच्या निमित्ताने गाठ पडते. लग्न होतं, संसार सुरू होतो. ड्रॅगन बोटींच्या सणाला मनशीळ घातलेलं मद्य पिण्याची चाल आहे. (मनशीळ म्हणजे आयुर्वेदातली मनःशिला, आर्सेनिकचं संयुग, साप-विंचवांना दूर ठेवते असा समज.) ते मद्य पोटात जाताच बायकोचं मूळ रूप उघडं पडतं आणि नवरा धसक्याने मरतो. ती जिवावर उदार होऊन लिंगझी नावाची औषधी बुरशी आणते आणि त्याला उठवते. मग फाहाई त्याला यांगत्सेकाठच्या जिनशान मंदिरात अडकवून ठेवतो. ती पूर आणते, हरते, आणि लेइफंग मनोऱ्याखाली गाडली जाते.

या कथेचं प्रसिद्ध लिखित रूप फंग मंगलोंगच्या १६२४ सालच्या संग्रहात आहे. तिथे पांढरी नागीण बरीच भीतीदायक आहे आणि पुरुषांना तिच्यापासून सावध राहायला सांगितलंय. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत नाटकवाल्यांनी आणि त्यांच्या प्रेक्षकांनी तिला हळूहळू आपलीशी केली. एका पिशाच्चिणीची सोशीक, प्रेमळ बायको झाली. चित्रपट समजायला एवढं पुरेसं आहे.

५. शृंगारिक म्हणतात, म्हणजे नेमका किती? घरच्यांसोबत पाहता येईल का?

लहान मुलांसोबत नको. आईवडिलांसोबत पाहायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. उघडपणे संभोग दाखवणारी दृश्यं यात नाहीत. हाँगकाँगमध्ये १९८८ पासून प्रौढांसाठी वेगळी 'कॅटेगरी तीन' आली आणि तिच्या आधाराने शरीरप्रदर्शनावर चालणाऱ्या चित्रपटांची लाट उठली. हा चित्रपट त्या पंगतीत बसत नाही.

इथला शृंगार कापडात, पाण्यात आणि चालीत आहे. दोघी बहिणी घरात शिरतात तेव्हा त्यांचं चालणं बघा. थोरलीला पाय वापरायची सवय झालीय, ती कमरेतून लचकत सरळ चालते. धाकटी मधेच जमिनीवर ओणवी होते, सरपटते, खांबाला विळखा घालते, कारण पायांवर उभं राहण्याचा तिला कंटाळा येतो. मॅगी च्युंगने अख्खा चित्रपट पाठीच्या कण्याने केलाय असं मला वाटतं. पातळ पडदे, वाफ, ओली त्वचा हे सगळं आहेच, पण त्या शरीराचं स्वतःवरच खूश असणं लक्षात राहतं. ते दाखवण्यासाठी नाहीच. तिला शरीर नव्याने मिळालंय, म्हणून ती ते वापरून बघतेय.

६. सुरुवातीला भारतीय नाच आणि भारतीय वळणाचं गाणं येतं. हे कुठून आलं?

सुरुवातीच्या एका मैफिलीत भारतीय वेषातल्या नर्तकी नाचत असतात आणि छिंग छपरातून थेट त्यांच्यात उतरते. तिथल्या गाण्याचं नाव 'मो-हू-लुओ-च्या', म्हणजेच चिनी उच्चारातला 'महोरग'. देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग अशा आठ योनी बौद्ध ग्रंथांत सांगितल्या आहेत, त्यातली ही शेवटची, सर्पयोनी. म्हणजे हे भारतीयपण केवळ नटवेपणासाठी आणलेलं नाही. ज्या धर्माचा दंड घेऊन फाहाई या सापांच्या मागे लागलाय, त्याच धर्माने सापांना धर्मश्रवणाचा अधिकार देऊन रक्षकांच्या रांगेत बसवलंय. तेच सूत्र चित्रपटाच्या तोंडाशी गाण्यातून येतं.

सोंग घराण्याच्या काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) चीनमध्ये भारतीय नर्तकी कुठून, असंही काहीजण विचारतात. ऐतिहासिक अचूकतेची काळजी या चित्रपटाला नाही, पण दक्षिण भारताशी समुद्री व्यापार तेव्हा जोरात होता. क्वानझोऊ बंदरात १२८१ सालचा तमिळ शिलालेख सापडलाय. कल्पना अगदीच अधांतरी नाही.

७. नायिका कोण? मूळ गोष्टीत हिरवी तर नुसती दासी असते ना?

हो. फंग मंगलोंगच्या कथेत तर ती सापही नाही. सरोवरात हजार वर्षं राहून सिद्धी मिळवलेला मासा आहे. नंतरच्या नाटकांत ती सापीण झाली, पण राहिली दासीच: मालकिणीची पाठराखण करणारी, तिच्यासाठी तलवार उपसणारी. लिलियन ली यांनी कादंबरी तिच्याच तोंडून सांगितली आणि सगळा तोल बदलला. चित्रपटातही नजर तिची आहे.

त्यामुळे प्रश्नच बदलतो. पांढरीला काय हवंय ते पहिल्या क्षणापासून ठरलेलं आहे, आणि त्याची किंमत मोजायची तिची तयारी आहे. हिरवीला काय हवंय हे तिला स्वतःला माहीत नाही. बहिणीला मिळालंय ते आपल्यालाही हवं, एवढंच तिला कळतं. म्हणून ती श्यू शियानलाही नादी लावून बघते. प्रेमापोटी नव्हे, हेवा आणि कुतूहल यांच्या मिश्रणातून. ते दृश्य पाहून चिडलेल्या वाचकांची बरीच पत्रं येतात. ती चुकतेच, आणि थोरलीच्या चेहऱ्यावरची वेदना चित्रपट लपवत नाही. पण आपल्याला काय हवंय ते न कळता दुसऱ्याच्या ताटाकडे बघणं हीसुद्धा इच्छेचीच तऱ्हा आहे, आणि ती इतक्या सरळपणे मांडलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली.

८. फाहाई खलनायक आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा विस्ताराने.

चित्रपट सुरू होतो तोच त्याच्या डोळ्यांतून. बाजारातली माणसं त्याला विद्रूप, वेडीवाकडी दिसतात. लगेच तो कोळ्याच्या (जाळं विणणाऱ्या किड्याच्या) योनीतून तप करून वर आलेल्या एका म्हाताऱ्याला पकडतो. आपण कुणाला त्रास दिला नाही, अशी गयावया म्हातारा करतो. फाहाई ऐकत नाही, कारण कोळी तो कोळीच. पुढे बांबूच्या वनात, धो धो पावसात, एक बाई बाळंत होत असते आणि दोन साप तिच्यावर वेटोळं धरून तिला पावसापासून आडोसा देत असतात. हे पाहून तो त्या सापांना सोडून देतो. म्हणजे दया त्याच्यात आहे. पण तिथे बाळंतिणीचं उघडं शरीर त्याच्या नजरेस पडतं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही. ध्यानाला बसला की विकार रूपं घेऊन समोर येतात.

मग तो पाण्यातला प्रसंग. मेलेल्या श्यू शियानसाठी औषधी न्यायला दोघी आलेल्या असतात. थोरली ती घेऊन निघते, धाकटी फाहाईला थोपवायला मागे राहते. फाहाई तिच्यापुढे विचित्र अट ठेवतो: मी ध्यान करतो, तू ते मोडून दाखव. मोडलंस तर सोडीन. म्हणजे मोह त्याने स्वतः मागवून घेतलाय, आणि नाव दिलंय परीक्षेचं. ती पाण्यात त्याला विळखा घालते, हसते, खेळते. तो मंत्र पुटपुटत राहतो आणि त्याचा आवाज हळूहळू फाटत जातो. अखेर तो हरतो. हरलास, असं ती त्याला सांगते, त्यात कुत्सितपणा नसतो. तिच्या लेखी तो खेळ होता. आणि तो संतापाने पेटून उठतो आणि दिलेला शब्द मोडतो.

माझं मत विचाराल तर चित्रपटाचं मर्म इथे आहे. त्याचं ध्यान मोडलं म्हणून काहीही बिघडलं नव्हतं. तो तिथून मुकाट्याने निघून गेला असता, 'हो, हरलो' म्हणाला असता, तर पुढचं एकही मरण घडलं नसतं. आपल्यालाही हवंसं वाटलं हे त्याला कबूल करता येत नाही, आणि ती नामुष्की पुसायला तो दुसऱ्यांचा संसार मोडायला निघतो. त्याला खलनायक म्हटलं की विषय संपतो. म्हणून मी म्हणत नाही. तो प्रामाणिक आहे, तरुण आहे, आणि त्याच्या हातात फार मोठी शक्ती आहे. तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने तो धोकादायक होतो.

९. श्यू शियान एवढा बुळा का दाखवलाय? आणि हिरवी त्याला मारते ते न्याय्य आहे का?

लोककथेतही तो कधी फार शूर नव्हता. इथे तो सज्जन आहे, पुस्तकी आहे आणि सुख आयतं दारात आलं तेव्हा ते कुठून आलं हे त्याने विचारलं नाही. त्याच्या माणूसपणाचा अर्थ सांभाळून घेणं, डोळेझाक करणं, दोन्हींकडे पाय ठेवणं असा आहे. त्याला बायकोही हवी असते आणि मेहुणीची नजरही.

शेवटी फाहाई त्याचं डोकं भादरून त्याला मंदिरात बसवतो आणि बाहेर बायको पुराशी झगडत असताना तो आत भिक्षूंमध्ये सुन्न बसून राहतो. हिरवी त्याला तलवारीने मारते ती बहिणीच्या सोबतीला पाठवण्यासाठी. न्याय्य? माझ्या मते नाही, आणि चित्रपटालाही ते न्याय्य वाटत नाही. कारण लगेच फाहाई तिला जाब विचारतो आणि तिच्याकडे उत्तर नसतं, उलट प्रश्नच असतो: माणसांत प्रेम असतं असं ऐकून आम्ही आलो, पण तुम्हाला स्वतःला तरी ते काय आहे हे कळतं का? त्यावर फाहाईकडेही काही उत्तर नसतं.

१०. पुरात निरपराध माणसं मेली. त्याचा दोष बहिणींवर नाही का?

आहे. बहिणींच्या बाजूने झुकलेले काही चाहते हे विसरतात. मंदिर बुडवण्यासाठी पाणी उचललं ते त्यांनीच. पाणी वर लोटायचं फाहाईने ठरवलं, ते खालच्या वस्तीवर जाऊन आदळलं, आणि त्याचे स्वतःचे भिक्षूही त्यात गेले. दोन्ही बाजू आपापल्या हट्टात आणि मधे गाव. या प्रसंगात चित्रपट कुणाचीही तरफदारी करत नाही. फरक एवढाच की सू-झेन आपली चूक स्वतःच्या जिवाने फेडते. फाहाईला समोरची प्रेतं बघत जगायचंय.

११. बाळ झाल्यावर सू-झेनची शक्ती का गेली? आणि अश्रूंचं काय प्रकरण आहे?

दोन्हींचं उत्तर एकच. या चित्रपटात माणूस होणं म्हणजे शक्ती मिळणं नव्हे, गमावणं. साप रडत नाहीत. सू-झेनला रडता येतं, छिंगला येत नाही आणि ते तिला खुपतं. सू-झेनच्या पोटी माणसाचं मूल जन्मतं त्या क्षणी तिची हजार वर्षांची सिद्धी संपते. नेमकी तेव्हाच तिला तिची सर्वांत जास्त गरज असते, कारण पूर तिनेच आणलेला असतो. बाळ ती फाहाईच्या हातात देते. ते मानवी मूल बघून त्याला उमगतं की आपण जिच्या मागे लागलो ती आता पिशाच्च उरलेली नाही. छिंगचे अश्रू त्यानंतर येतात.

१२. चित्रपट बौद्धधर्माविरुद्ध आहे का?

मला तसं वाटत नाही. प्रश्न ६ मधलं महोरगाचं गाणं आणि प्रश्न ८ मधला कोळी एकत्र ठेवून बघा: प्रत्येक जीव साधनेने वर जाऊ शकतो, ही बौद्ध कल्पना चित्रपट गंभीरपणे घेतो. फाहाईच ती विसरलेला असतो, आणि त्या कोळ्याच्या बाबतीत आपण घाई केली ही शंका पुढे त्यालाही सतावते. टीका आहे ती शिस्तीलाच करुणा समजण्यावर. आंधळ्या ताओवादी पुरोहिताचीही इथे धडगत नाही, तेव्हा रोख एका धर्मावर नाही.

१३. हा आपल्याकडच्या इच्छाधारी नागिणीच्या चित्रपटांसारखाच आहे ना?

वरवर हो. श्रीदेवीच्या १९८६ सालच्या 'नगिना'तही नागीण बायको असते, नवऱ्याला पत्ता नसतो आणि एक साधू तिच्या मुळावर उठतो. तिथेही प्रेक्षक नागिणीच्या बाजूने असतो. पण तिथल्या साधूला हाव असते, म्हणून त्याचा पराभव सोपा. फाहाईला स्वतःसाठी काहीच नको आहे, अशी त्याची खात्री आहे. शिवाय आपल्या नागिणींना बहुधा सूड किंवा सौभाग्य यांच्यापैकी काहीतरी हवं असतं. छिंगला दोन्हींशी घेणंदेणं नाही.

१४. दोघी बहिणींचं नातं बहिणींपुरतंच आहे का?

अनेक प्रेक्षक आणि अभ्यासक ते प्रेयसींसारखं वाचतात आणि त्याला चित्रपटात भरपूर आधार आहे: एकत्र स्नान, स्पर्श, एकमेकींवर असलेला हक्क, आणि तिसरा माणूस आल्यावरचं तुटणं. 'बहीण' ही त्यांनी स्वतः निवडलेली ओळख आहे. रक्ताचं नातं मुळात नाहीच. माझ्या दृष्टीने ते नातं चित्रपटातलं सर्वांत खरं प्रेम आहे. त्याचा तपशील उलगडून सांगायचा आग्रह दिग्दर्शकाने धरला नाही, तो मीही धरत नाही.

१५. सापाची शेपूट सरळसरळ खोटी दिसते. इफेक्ट्स इतके कच्चे का?

१९९३ साली हाँगकाँगमध्ये संगणकावर साप बनवणं सहज शक्य नव्हतं. रबराची शेपूट, तारा, धूर आणि रंगीत दिवे यांवर काम चालायचं. काही ठिकाणी ते खरंच फसलंय. पुराच्या दृश्यांत विशेष. पण चित्रपटाचा बाज ऑपेराचा आहे, तिथे निळं कापड हलवलं की नदी होते. दहा मिनिटांत डोळा सरावतो.

१६. लेइफंग मनोरा खरोखर आहे का? बघता येतो?

आहे, पण मूळचा नाही. वू-युए राज्याच्या छ्यान चू राजाने तो ९७५ च्या सुमारास बांधला. सोळाव्या शतकात जळाल्यावर विटांचा गाभा तेवढा उरला. त्या विटा घरात ठेवल्या की भलं होतं, या समजुतीने लोक त्या पोखरून नेत राहिले आणि २५ सप्टेंबर १९२४ रोजी मनोरा कोसळला. लू शुनसारख्या लेखकाने आनंदाने त्यावर लिहिलं: सुटली बिचारी! २००१ मध्ये पायाखालचं तळघर उघडलं तेव्हा त्यात सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा छोटा 'अशोक स्तूप' मिळाला. सम्राट अशोकाने बांधलेल्या हजारो स्तूपांच्या आख्यायिकेवरून असे स्तूप घडवायची तिथे परंपरा होती. नवा मनोरा २००२ मध्ये उभा राहिला. आत जुन्या विटांचे अवशेष काचेआड ठेवलेत आणि वरून सगळं सरोवर दिसतं. जिनशान मंदिर मात्र हांगझोऊत नाही, ते झेनजियांगला आहे. एकाच दिवसात दोन्ही उरकायचा बेत आखू नका.

१७. या कथेवरचं आणखी काय पाहावं, आणि कोणत्या क्रमाने?

आधी हाच पाहा असं मी म्हणणार नाही. लोककथा अजिबात नवी असेल तर तैवानची १९९२ सालची दूरचित्रवाणी मालिका चाखून बघा. पन्नास भाग आहेत, पण पहिले दोनतीन पुरतात. त्यातली सोज्ज्वळ सू-झेन डोळ्यांसमोर असली की 'ग्रीन स्नेक'ने काय उलटंपालटं केलंय ते चटकन कळतं. जपानचा १९५८ सालचा अॅनिमेशनपट मुलांसोबत पाहता येईल. जेट लीचा २०११ सालचा चित्रपट लढायांसाठी ठीक आहे. त्यात फाहाईला मध्यभागी आणलंय, पण त्याच्या आत काय चाललंय ते दाखवायचं टाळलंय. २०२१ मध्ये चीनमध्ये खास हिरवीवर अॅनिमेशनपट निघाला. त्यात ती पुढच्या काळात, भलत्याच नगरात बहिणीला शोधत फिरते. तो 'ग्रीन स्नेक' पाहून झाल्यावरच लावा. आणि लिलियन ली यांची कादंबरी वाचायला मिळाली तर सर्वांत शेवटी वाचा, कारण तिची गोष्ट पुरापाशी थांबत नाही, विसाव्या शतकापर्यंत येते.